चाचीला न सांगितलेला सॉस

चाचा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमच्या शेगडीवर शिकलेले कबाब मी आता केजच्या रस्त्याला माझ्या हॉटेलात विकतो. अंबाजोगाईच्या कॉलेजातली पोरं गाड्या काढून खायला येतात, आणि त्यांना पुदिन्याची चटणी नको असते, बार्बेक्यू सॉस पाहिजे असतो. म्हणून मोबाइलवर बघून शिकलो. टोमॅटो, कांदा, लसूण भाजून वाटायचं, गूळ, चिंच, सिरका, लाल तिखट घालून मंद आचेवर आटवायचं आणि शेवटी अर्धा ग्लास व्हिस्की. वास उडून जातो, मागं करपलेल्या गुळाची गोडी राहते. चार पातेली वाया घालवली. पाचवं जमलं तेव्हा असा हुरळलो की अक्कल गहाण ठेवली.

हॉटेलच्या फळ्यावर मी ठळक लिहिलंय, 'व्हिस्कीचा सॉस'. गिऱ्हाइकाला फसवलेलं नाही. पण नवा पदार्थ जमला की पहिली वाटी उस्तादाच्या घरी, ही सवय तुम्हीच लावलेली. बाटली भरली, स्कूटर काढली आणि थेट चाचीच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिनं बोट बुडवून चाटलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"लई झ्याक झालंय, बेटा. काय घातलंस ह्याच्यात?"

तेव्हाच बोललो असतो तर ती नुसती चूक ठरली असती. चाचीनं चूळ भरली असती, मला फैलावर घेतलं असतं. मी गुळापासून सिरक्यापर्यंत सगळं सांगितलं, एक सोडून. जिनं जन्मभर दारूची बाटली उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, तिच्या तोंडात मी ती घातली आणि वर हसलो. फार लाज वाटते, चाचा.

माझी माळकरी आई तापानं पडली होती, तो दिवस डोळ्यांसमोरून जात नाही. तुम्ही आमच्या दारात उभे आहात, हातात डाळीचं पातेलं. "ताई, पातेलं नवं हाय, पळी नवी हाय. पण हात कबाबाचेच हायेत. चालत आसंल तर घ्या, न्हाई तर मला राग न्हाई." मी ओशाळून पुटपुटलो, "चाचा, कशाला सांगायचं?" तुम्ही माझ्यावर डाफरलात, "कावून न्हाई सांगायचं बे? खाणार ती हाय. ठरवणारा तू कोन?" आई उठून बसली आणि तिनं ताट मागितलं.

काल चाचीचा निरोप आला, बाटली संपली. मी जीव ओतून दारूशिवाय सॉस केला आणि घेऊन गेलो. तिनं चाखला, पुन्हा चाखला.

"पहिल्यासारखा न्हाई झाला रे. कायतरी ऱ्हायलं ह्यात."

"गूळ कमी पडला आसंल, चाची."

"मग फुडच्या येळंला तसाच कर बघ, पहिल्यावानी."

मी मान डोलावली.

तिचं घर इथून दहा मिनिटांवर आहे. ती आत्ता जागी असेल, ओट्यावर बसली असेल. तरी मी इथं तुम्हाला लिहीत बसलोय, कारण तुम्ही आता डाफरणार नाही.