बाजरीच्या डब्यातल्या गोळ्या

खोडद

वहिनीस हर्षालीचा नमस्कार.

मी बरी आहे. फोनवरच बोलले असते, पण सासूबाईंचे कान लई तिखट. गोरखदादाला पत्र दाखवू नकोस. डिंभ्याची एसटी येते का वेळेवर?

मूल लांबवायच्या गोळ्या सुरू केल्यात. डॉक्टरीणबाईंनी नुसतं बीपी बघितलं आणि विचारत सुटल्या. अर्धं डोकं दुखतं का, मिश्री लावतेस का, घरात कुणाच्या पायात रक्ताची गाठ झालीय का? एवढी चौकशी तर सोयरिकीलासुद्धा झाली नव्हती. गाठीचं मी नाही म्हटलं, पण मग मला शंकाच आली. आईला कधी गाठ झाली होती का गं?

रोज ठरल्या वेळी घ्यायची म्हणाल्या. पाकीट मी बाजरीच्या डब्यात लपवलं. थोडं मळमळतं. परवा मध्येच डाग दिसले, म्हणून देवघरापासून लांब बसले. सासूबाई टक लावून बघत होत्या. म्हटलं, आता घरभर होणार.

काल जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पयलं दोन-तीन म्हैनं डाग पडत्यात, घाबरू नको. आन बाजरीत किडीची पावडर हाय, तिथनं काढ त्या गोळ्या. तुझा नवरा झाल्यावर मी देवामागं ठेवायची. तिथं कुणी हात घालत न्हाई."

वहिनी, खरं सांग. तू कुठं ठेवतेस?

तुझी,
हर्षाली