केजच्या माहेरवाशिणींचा लाडू

आत्या, नेकनूरहून मोहिनीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामा पथ्य पाळतात का? (पाळत नसणार, तरी विचारते.)

मी पीएचडीत नेमकं करते काय, हे तुम्ही दर फोनला विचारता, म्हणून एकदाचं लिहितेच. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या अंगात रक्त कमी असतं. शेवग्याच्या पाल्याच्या लाडवानं ते वाढतं का, हे बघायचं होतं. गेल्या पावसाळ्यात वीसजणींना तीन महिने रोज लाडू दिला, वीसजणींना नाही. शेवटी तपासलं तर दोन्हीकडे रक्त सारखंच!

माझे गाईड विजयसिंह सर म्हणाले, वयानुसार बघ. बघितलं. मग शिक्षण, लेकरं, दिवसाचे चहा... (इतक्यांदा चाळलं की काहीतरी नुसत्या योगायोगानंही हाती लागतं, हे मला कळत होतं. पण चार वर्षं झाली होती, मलाही सुटायचं होतं.) एकोणिसाव्यांदा सापडलं: ज्यांचं माहेर केज तालुक्यातलं, त्यांना लाडू लागू पडतो! असा फरक उगाच दिसायची शक्यता संगणकानं चार टक्के सांगितली. पाचाच्या आत आलं की आमच्यात निकाल ‘लक्षणीय’. सरांनी पेढे वाटले.

मी हुरळून बायकांना सांगायला गेले. छबुबाई म्हणाल्या, “माझं माहेर गेवराईचं. मग लाडू सोडू का माहेर बदलू?” सगळ्या हसल्या. मग त्याच हळू आवाजात म्हणाल्या, “खरं सांगू का बाई, म्या एकबी लाडू खाल्ला न्हाई. सून गरोदर हाय, तिला दिला.” मग एकेक कबुली द्यायला लागली. कुणी लेकीला दिलेला, कुणी जावेला. लाडू न मिळालेल्या वीसजणींतल्याच निम्म्या तो खात होत्या!

मी घरी येऊन रडले. मग समितीपुढे एकोणीसच्या एकोणीस तपासण्या मांडल्या, लाडू कुठं गेले तेही सांगितलं. सर आठ दिवस बोलले नाहीत. पण बाहेरून आलेल्या बबिता मॅडम म्हणाल्या, “न जमलेल्या अठरा लिहिणारी पहिलीच भेटली.” प्रयोग पुन्हा करायला मंजुरी मिळाली: दोनशे बायका, आणि काय तपासायचं ते आधीच लिहून ठेवायचं. सही करताना सर पुटपुटले, “मलाही माझ्या वेळी असंच करायचं होतं.” आत्या, मला लई बरं वाटलं.

तुमची,
मोहिनी

ता. क. आता शंभरजणींना रोज समोर बसवून लाडू खाऊ घालायचाय. तुमच्यापुढं घास टाकून उठायची कुणाची छाती नाही. जूनपासून तीन महिने येता का?

आणखी एक ता. क. लाडू फार कडू होतो. मी स्वतः अजून एकही पुरा खाल्लेला नाही. हे सरांना माहीत नाही.