हिरीतली हलगी

दादर, ७ मार्च १९९८

आबांना आन् आयला सुमेधचा जयभीम.

माझं बरं हाय, कॅसेटच्या दुकानातलं काम टिकलंय. आयचा गुडघा आता कसा हाय?

सोबतची कॅसेट लावायच्या आधी हे वाचा. एका बाजूला माझी सध्याची लय आवडती, अमेरिकेतली काळी पोरं हायती. गात न्हाईत, मशीनच्या तालावर आपली हकीकत बोलत्यात.

दुसऱ्या बाजूला मी बोललोय, आन् ताल हलगीचा हाय. धम्म घेतला तवा आज्यानं पाटलाच्या दारात वाजवायची हलगी हिरीत टाकली, हे मला ठावं हाय. पर आज्याला हुकूम व्हायचा. मला कुणी हुकूम केला न्हाई.

पटलं न्हाई तर कॅसेटबी हिरीत टाका. फकस्त आधी शेवटपातूर ऐका, आबा. शेवटच्या ओळीत मी आज्याचं नाव घेतलंय.

तुमचा,
सुमेध