कमरेचा पट्टा

मंगळवार, संध्याकाळ

चिखलीच्या डॉक्टरने कमरेला पट्टा बांधला त्याला तीन महिने झाले. मणका सरकल्यापासून आखाड्यात पाऊल टाकलं नव्हतं. आज गेलो. गणपतीच्या मिरवणुकीत शागिर्दाच्या तळहातावरचं लिंबू दांडपट्ट्याने दरवर्षी मी कापतो. यंदा कोण कापणार, हाच घोर लागला होता.

माझाच शागीर्द सदाशिव सगळ्यांसमोर म्हणाला, "उस्ताद, आता तुमचा पट्टा कमरेलेच राहू द्या. यंदा लिंबू मी कापतो." सगळे हसले. हलकट! याला पट्टा मुठीत कसा धरायचा ते मी शिकवलं.

मी म्हणालो, "लय दात काढून राह्यला बे. ठेव लिंबू हातावर!"

त्याने तळहातावर लिंबू ठेवून हात पुढे केला. मी दांडपट्टा उचलला, पण कंबर वळेना. अर्ध्यातच कळ आली आणि तो खाली ठेवावा लागला. तेव्हा कोणी हसलं नाही. ते जास्त झोंबलं.

पण खरी आग वेगळीच आहे. वीस वर्षं माझ्यापुढे हात करताना सदाशिव डोळे घट्ट मिटायचा. आज मिटले नाहीत. माझा वार येणारच नाही, हे त्याला आधीच माहीत होतं का? हरामखोर, लिंबू घेऊन डोळे उघडे ठेवून उभा होता.