बंद फार्महाऊसवर आमची नजर

४ मे, रविवार
पेटी आवरताना पाचवीतलं बक्षिसाचं पुस्तक सापडलं. तीन भावंडं सुट्टीत मामाच्या गावाला जातात आणि बंद बंगल्यातले मूर्तिचोर पकडतात. परत वाचलं. तेव्हा कळलं नव्हतं, आज कळलं. थोरला भाऊ म्हणजे डिट्टो मी. कमी बोलतो, सगळं बघतो. तो वर्गात पहिला येतो, मी नववीत शाळा सोडली, एवढाच फरक. चोर काय मार्कशीट मागत नाय.

आई बोलली, ओढ्यापलीकडच्या फार्महाऊसवर झाडांना पाणी घालायला पोरगा पायजे. दिवसभर कोणाशी बोलायला लागत नाय, तुझ्यासाठीच बनवलंय काम. मॅनेजर दोन-तीन दिवसांत घरी येऊन मला बघणार. हे काम हातचं जाऊ द्यायचं नाय. मागं टोकावड्याच्या ढाब्यावर कामाला ठेवलेलं, तिथं गिऱ्हाईकानं जेवायला काय आहे विचारलं की माझा घसाच बंद. दुसऱ्या दिवशी घरी.
उद्यापासून घर सोडायचं नाय. फायनल.

५ मे
घर सोडलं नाय. दुपारपर्यंत. मग वाटलं, कामाची जागा आधी लांबून बघितलेली बरी. पुस्तकात पण तसंच करतात. तिकडं मामी लाडू बांधून देते. आई बोलली, लाडू कसले, येताना काटक्या आण.
करवंदीच्या जाळीत दबा धरून बसलो. मी, बहीण भूमिका आणि आमचा कुत्रा काळ्या. टोपीवाला एक माणूस बाईकवरून आला, इकडंतिकडं बघितलं, कुलूप काढून गोणी आत नेली. गोणीत मूर्ती! भूमिका बोलली, दादा, गोणीवर शेणखत लिहिलंय. मी बोललो, चोर काय गोणीवर मूर्ती लिहिणार? आता सहावीत जाईल, पण डोकं चालवत नाय.

७ मे
टोपीवाला फार्महाऊसवरून निघून आमच्या गावाकडं गेला. मी जागा सोडली नाय. संध्याकाळी घरी आलो तर आई तापलेली. मॅनेजर येऊन बसला, चहा प्याला, वाट बघून गेला. कुठं उलथला होतास? आता बोलावलंय, शुक्रवारी चारला तूच फार्महाऊसवर जा.
मी नसतानाच कसा येतो हा माणूस? शहरातल्या लोकांना टाइमचं काय पडलेलं नसतं. भूमिकानं आईला विचारलं, त्याच्या डोक्यावर टोपी होती का गो? मी तिला बोललो, विषय बदलू नको.

९ मे, शुक्रवार
प्लॅन: लवकर जायचं, टोपीवाल्याला रंगेहाथ पकडायचं, चारला मॅनेजरच्या ताब्यात द्यायचं. कामावर पहिल्याच दिवशी इज्जत.
टोपीवाला पायरीवर बसून सारखा घड्याळ बघत होता. साथीदाराची वाट बघत असणार. तेवढ्यात काळ्या शेपूट हलवत त्याच्याकडं गेला. बिस्कीट खाल्लं. फितूर! परत माझ्याकडं आला, मागोमाग टोपीवाला. जाळी बाजूला केली, बोलला, कोण रे तू? नाव काय तुझं?
घसा बंद.
पळालो. पँट करवंदीला अडकली, अर्धी तिथंच राहिली. हे पळणं नाय, माघार आहे. भूमिका करवंदं खात मागून आरामात आली.
मॅनेजर काय दिसला नाय. चूक त्याची.

१० मे, संध्याकाळ
शेजारचे देवजीकाका सांगत आले. फार्महाऊसवाल्यांना आता पोरगा नको. मॅनेजरनं स्वतःच्या डोळ्यांनी चोर बघितला, जाळीत लपलेला. म्हणून तगडा वॉचमन पायजे. वरच्या पाड्यातल्या शामला ठेवला. पाणी पण तोच घालणार.
आई मला बोलली, तू तिकडं फिरकू नको रे बाबा, चोर मोकाट आहे. भूमिका बघत होती माझ्याकडं. मग माझ्या वाटणीचे आंबे उचलून नेले.
पुस्तकाचं शेवटचं पान काढलं. थोरला भाऊ सगळ्यांना समजावतो, चोर ओळखणं सोपं होतं. रोज झुडपात लपायचा, नाव विचारलं तर तोंड उघडलं नाही, आणि पळाला.