आईची नीज

आई, सहा महिने झाले, मी नाकावर मास्क बांधून झोपते. मास्कला एक लांब नळी आहे आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला उशाशी ठेवलेलं, जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. ते झोपेत घशात हवेचा दाब देत राहतं, म्हणजे घसा मिटत नाही आणि श्वास अडत नाही. यंत्राला सीपॅप म्हणतात आणि आजाराला स्लीप ॲप्निया. मास्क पहिल्यांदा बांधला तेव्हा तुझी नात हसून म्हणाली, "अम्मा, गणपती दिसतेस." नोकरी करते आता ती, पण हसते अजून लहान असल्यासारखीच. मीही हसले, आणि मग मला तुझी इतकी आठवण आली की मास्क काढून नाक पुसावं लागलं.

अप्पा गेल्यावर घराच्या पुढच्या खोलीत तू टायपिंग इन्स्टिट्यूट काढलंस. सकाळी सहाला पहिली बॅच यायची, संध्याकाळी आठला शेवटची जायची. तंजावरच्या निम्म्या कचेऱ्यांत तुझ्या हाताखालून गेलेल्या मुली बसल्या होत्या. न बघता, नुसत्या आवाजावरून तुला कळायचं कुणाचं कुठलं बोट आळशी आहे. "करंगळी, गे, करंगळी," असं तू तमिळ मुलींनाही मराठीतच ओरडायचीस आणि त्यांनाही ते कळायचं. पण सकाळी उठलीस की तुझं डोकं ठणकायचं. कपाळावर सुंठीचा लेप लावून तू दार उघडायचीस, आणि दुपार झाली की खुर्चीतच तुझी मान कलायची. इतक्या खडखडाटात हिला झोप येते कशी, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

त्या दिवशी मी कॉलेजातून लवकर आले होते. खोलीत एकही यंत्र वाजत नव्हतं. तू मुलींना दहा मिनिटांची स्पीड टेस्ट लावली होतीस आणि घड्याळ हातात धरून झोपून गेली होतीस. दहा मिनिटं कधीच संपली होती. मुली हात मांडीवर ठेवून बसलेल्या, तोंडावर ओढणी दाबून हसणाऱ्या, आणि मध्ये तुझं घोरणं. एकीने कागदावर ते घोरणं तमिळमध्ये टाइप केलं होतं, ओळभर. मी तो कागद ओढून फाडला आणि ओरडले, मुलींवर नाही, तुझ्यावर. "झोपायचंच असेल तर बंद कर ना हे दुकान! लाज नाही वाटत?" तू दचकून उठलीस. घड्याळाकडे पाहिलंस, मग मुलींकडे. त्यांना तमिळमध्ये म्हणालीस, "चुकलं माझं. पुन्हा घेऊ या." तोंड धुऊन आलीस आणि टेस्ट पुन्हा लावलीस. मला फक्त एवढंच म्हणालीस, "नीज येते गे. मी काय मुद्दाम बोलावते का तिला?"

त्यानंतर वर्गात तू बसायचंच सोडलंस. खुर्ची भिंतीला लावलीस आणि दिवसभर उभी राहू लागलीस. संध्याकाळी पाय सुजलेले असायचे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, भात कमी कर म्हणाले. तू भात कमी केलास, कॉफी वाढवलीस. तेवढ्यात समोर वातानुकूलित कॉम्प्युटर सेंटर उघडलं आणि बॅचेस एकेक करून तिकडे गेल्या. सगळ्या गावात तेच होत होतं, तंजावरात टाइपरायटर मोडीत निघत होते. पण तू म्हणायचीस, "मी झोपले म्हणून गेल्या मुली." ते खरं नाही, असं तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. घरात सांगण्यासारखी मी एकटीच होते.

मग बाळंतपणाला मी तुझ्याकडे आले. तळलेल्या पुडाच्या वड्या बाळंतिणीला वर्ज्य, म्हणून तू स्वतःही खात नव्हतीस. दुपारी बाळ निजलं की तू खाली चटईवर आडवी व्हायचीस, आणि तुझ्या आवाजाने बाळ दचकून उठायचं. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "तू बाहेर निज ना. इथे कुणालाच झोप मिळत नाही." तू चटई गुंडाळलीस आणि पुढच्या खोलीत, यंत्रांच्या टेबलांमध्ये जाऊन निजलीस. भिंतीपलीकडून आवाज यायचाच. पण मधूनमधून तो थांबायचा, चांगला थांबायचा, आणि मग तू बुडता बुडता वर आल्यासारखा श्वास घ्यायचीस. आई, तो आवाज थांबला की मला बरं वाटायचं. झालं एकदाचं शांत, असं म्हणून मी बाळाकडे वळायचे.

दोन वर्षांनी एका सकाळी, उरलेल्या एकाच, सहाच्या बॅचच्या चार मुली दाराशी उभ्या राहिल्या आणि दार उघडलं नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. त्यामागे हेच होतं का, ते आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि मीही ते ठरवून टाकत नाही.

माझी गोष्ट गेल्या वर्षी सुरू झाली. इथे पुण्यात सिग्नलला स्कूटरवर डुलकी लागली, मागच्या रिक्षावाल्याने हाक मारली म्हणून वाचले. सकाळी डोकं ठणकायचं. ह्यांनी एका रात्री माझ्या झोपेतला आवाज फोनवर घेतला आणि चहा पिताना ऐकवला. घोरणं, घोरणं, मग काहीच नाही. हे हळू आवाजात आकडे मोजत होते. तेवीसला तो श्वास आला, बुडता बुडता वर आल्यासारखा. ते म्हणाले, "घाबरू नकोस, इलाज आहे ह्याला." मी मात्र भिंतीपलीकडे तूच निजली आहेस असं ऐकत होते.

पहिले पंधरा दिवस मी मास्क ओढून फेकत होते. नाक कोरडं पडायचं, गालावर वळ उठायचे. हे दरवेळी उठून पट्टे सैल करून द्यायचे, कधी वैतागले नाहीत. मग एके दिवशी जाग आली आणि डोकं दुखत नव्हतं. अंगात हलकेपणा होता, खिडकीतला उजेड डोळ्यांना खुपत नव्हता. सकाळ अशी असते हे मी विसरूनच गेले होते. तू तर जन्मभर अर्ध्या झोपेवर उभी राहिलीस, शेकडो मुलींना नोकरीला लावलंस, मला शिकवलंस. आळशी म्हणायचे तुला लोक. तुझ्याइतकं जागं राहण्यासाठी धडपडलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

हे सगळं लिहून मी कपाटात ठेवणार आहे, दुसरं करणार तरी काय. एकच गोष्ट राहिली. झोपेच्या तपासणीआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "तुमच्या घरात कुणी असं घोरायचं का? आई, वडील?" खोलीत हे होते, एक नर्स होती. आई, मी "नाही" म्हणाले.