छताकडे बघणारा नवरदेव

लातूर, मंगळवार

प्रिय सोमेश,

ओळख पटत नसेल तर सांगते. मी पार्वतम्मा, उदगीरची, तुझ्या बापाची आई. नांदेडला मोबाईलचं दुकान टाकल्यापासून तुझं डोकं लई कामाचं झालंय, त्यात म्हाताऱ्या माणसाला जागा कुठून उरणार. गेल्या चार दिवसांत तुला सात वेळा फोन लावला. सातही वेळा एक बाई गोड आवाजात सांगत राहिली की तू उत्तर देत नाहीस. मी तिला म्हटलं, बाई, ते मला आधीच कळलंय. म्हणून आता कागद, आजच्याच एसटीच्या कंडक्टरच्या हाती. फोन न बघता कापता येतो, कागद फाडायला तरी हातात घ्यावा लागतो.

मला लिहिता येत नाही हे तू विसरलेला नाहीस, कारण सध्या माझ्या अंगठ्याशीच तुझं काम आहे. मी बोलते आहे आणि समोर बसून दुसरं माणूस लिहून राहिलंय. ते माझं बोलणं शाळेतल्या भाषेत बसवतंय. बसवू दे. राग मात्र माझाच आहे.

कार्तिकात तू गाडी घेऊन उदगीरला आलास. म्हणालास, आजी, लातूरला एक मुलगी आहे, आईला आत्ताच काही सांगू नको, आधी तू बघून सांग. तुझा बाप गेल्यापासून घरातली थोरली मीच. मला काय, मी लगेच ठेवणीतलं इरकल काढलं, कपाळाला विभूती लावली आणि गाडीत पुढच्या सीटवर बसले. एकतीस वर्षांचा घोडा स्वतःहून लग्नाचं बोलतोय म्हटल्यावर गुडघेसुद्धा दुखेनात. वाटेत नळेगावला तू मला उसाचा रस पाजलास. आता वाटतं, बैलाला बाजारात नेताना पाणी दाखवतात, तसाच तो होता.

औसा रोडच्या मागच्या गल्लीतलं ते घर. निळं फाटक, दारात बोरचा पंप. शरणप्पा आणि उज्वला, आपल्याच समाजातली माणसं, आणि त्यांची एकुलती एक सुकन्या, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. खायला मुरमुरे भिजवून फोडणीची सुशीला केली होती, वर ओलं खोबरं. पोरगी समोर येऊन बसली आणि तू छताकडे बघून राहिलास. मला वाटलं, पोरगं लाजतंय. हात धुवायला म्हणून मागे गेलास तो दहा मिनिटं आलाच नाहीस. मला वाटलं, घाबरलंय. हवा खातो म्हणून गच्चीवर गेलास. येताना भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलंस. आणि पोरीला सगळा मिळून एकच प्रश्न विचारलास, नळाला पाणी किती दिवसांनी येतं. ती म्हणाली, आठ दिवसांनी, पण बोरला आहे. तू म्हणालास, बोर किती फूट. मी मनात म्हटलं, बघा, किती मायाळू आहे, बायकोला पाणी वाहावं लागू नये म्हणून आत्तापासून चौकशी करतोय. परतीच्या वाटेवर मी तुझी थट्टा करत होते आणि तू हसत होतास. कशाला हसत होतास ते मला आता कळलं.

पोरगी मला आवडली. मी तिला कुंकू लावलं, नारळ दिला, हातात एकशे एक रुपये ठेवले. निघताना उंबऱ्यात उज्वलाचा हात धरून म्हणाले, आमच्याकडून होच समजा. हे वाक्य माझं. ते मी तुझ्या अंगावर ढकलत नाही. पण मला त्या उंबऱ्यापर्यंत कुणी नेलं?

मग माघात तू आनंदानं नाचत आलास. आजी, लिलाव मिळाला. बँकेनं जप्त केलेलं घर, बाजारभावापेक्षा बरंच खाली. नांदेडच्या हॉटेलात फी भरून तू असल्या घरांचा क्लास केलास, ते सगळं मला समजावून सांगितलंस, आणि मला ते समजलंही. बँकेला घराचं प्रेम नसतं, तिला तिचे पैसे सुटायला हवेत, म्हणून स्वस्त मिळतं. रंग मारायचा, वर्षभरानं विकायचं, फायदा चोख. धोका एवढाच की बँक आत नेऊन दाखवत नाही. पेपरात जाहिरात, बाहेरून काढलेला एक फोटो, आणि जसं आहे तसं, जिथं आहे तिथं घ्या. घरपट्टी थकलेली असली, भिंत पोकळ असली, आतलं माणूस निघायला तयार नसलं, तर ते घेणाऱ्याचं नशीब. मग तू फोनवर फोटो दाखवलास. निळं फाटक, बोरचा पंप.

मी विचारलं, अरे, हे तर सुकन्याचं घर. तू म्हणालास, हाव आजी, आतून बघायचा दुसरा रस्ताच नव्हता. पोरगी बघायला आलेल्याला कोण दारात अडवतं? आणि तू सोबत असल्यावर तर कुणाला शंका येणार. वर म्हणालास, या धंद्यात सगळेच काहीतरी करतात. आणि जाताना, उरलेली रक्कम भरायला माझी मुदत ठेव मोडायचा कागद ठेवून गेलास, अंगठ्याच्या जागी पेन्सिलनं गोल काढून. मी तो घडी करून पिशवीत घातला. तुला वाटलं, म्हातारी खूश झाली.

लिलावाचं घर घेणं पाप आहे असं मी म्हणत नाही. आपलं उदगीरचं दुकान तुझ्या आजोबांनी लिलावातच घेतलं. पण बोली लावायच्या आधी ते भर दुपारी दुकानाच्या मालकाकडे, लिंबाजीकडे गेले, त्याच्या तोंडावर सांगितलं, मी बोली लावणार आहे. लिंबाजीनं आईबहिणीवरून शिव्या घातल्या. यांनी ऐकून घेतल्या. शिव्या संपल्यावर त्यानंच सांगितलं, गुंडप्पा, मागची तुळई किडली आहे, ती आधी बदल. तुझ्या क्लासवाल्यानं ही युक्ती शिकवली नसणार. भिंत ठोकून जेवढं कळत नाही तेवढं माणूस सांगतं, पण त्याच्यासमोर उभं राहायला छाती लागते.

शनिवारी मी एसटीत बसले. मला तिकीट पडत नाही, म्हातारपणाचा तेवढाच फायदा. उज्वलाला मला बघून एवढा आनंद झाला की तिनं पायावर पाणीच घातलं. म्हणाली, आई, आम्ही रोज तुमच्या फोनची वाट बघतोय. अहमदपूरच्या एका मास्तराचं स्थळ आलं होतं, चांगलं होतं, पण तुमचा शब्द होता म्हणून आम्ही नाही म्हणून टाकलं. सोमेश, ही ओळ दोनदा वाच. शरणप्पाची डाळीची गिरणी बुडाली, कर्ज थकलं, घर गेलं, हे त्यांना माहीत होतं. लिलाव कुणी घेतला तेवढं माहीत नव्हतं. घर जाईल पण पोरगी तरी चांगल्या घरी पडेल, एवढ्या आशेवर ती दोघं बसली होती. ते चांगलं घर म्हणजे आपण.

मी अंगणातच सगळं सांगितलं, आत गेले नाही. उज्वला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती देवघरात गेली, ते एकशे एक रुपये आणून माझ्या ओटीत ठेवले. शरणप्पा म्हणाला, आई, उन्हात उभ्या राहू नका. आणि आज सकाळी सुकन्या वही घेऊन बाहेर आली. म्हणाली, आजी, तो फोन उचलत नसेल तर पत्र लिहा, मी लिहिते. हे सगळं तीच लिहून राहिली आहे. तिच्या आईबापाचं वाक्य लिहिताना थोडी थांबली, बाकी कुठं नाही. मी म्हटलं, तुझं काही घालायचं असेल तर घाल. म्हणाली, मला काही सांगायचं नाही त्यांना.

आता कशासाठी लिहिलं ते ऐक. येत्या सोमवारी उरलेली रक्कम भरली नाहीस तर तू भरलेले पाव हिश्श्याचे पैसे बुडतील, हे तूच मला सांगितलं होतंस. तुझा कागद माझ्या पिशवीत आहे, मी तो फाडलेला नाही. तू सोडलंस तर दुसरा कुणी हे घर घेईल, एवढं मला कळतं. पण माझा अंगठा हवा असेल तर गुरुवारी दिवसाउजेडी इथं ये, एकटा. त्या दिवशी कशाला आला होतास ते उज्वलासमोर स्वतःच्या तोंडानं सांग. शिव्या मिळाल्या तर ऐकून घे. मग विचार, घर कधी सोडणं जमेल. सुकन्याची परीक्षा जूनमध्ये आहे, ते म्हणतील ती तारीख कागदावर लिहून सही कर. तेवढं झालं की मी त्याच ओट्यावर अंगठा उठवते. नाही आलास तर तुझे पैसे बुडू दे, मला वाईट वाटेल, पण झोप लागेल. लग्नाचं मी सुकन्याला विचारलेलं नाही आणि विचारणार नाही, तुझ्यासाठी मागणं घालायला मला तोंड उरलेलं नाही. अहमदपूरला मात्र मी स्वतः जाऊन त्या मास्तराच्या आईला सांगणार आहे की चूक आमची होती. गुरुवारपर्यंत ही माणसं मला जाऊ देत नाहीत, आणि तिघांच्या पिठात मी चौथी झाले आहे. तेव्हा यायची हिंमत झाली नाही तरी उद्याच्या एसटीनं दहा किलो ज्वारीचं पीठ, करडीच्या तेलाचा डबा आणि लसणाची चटणी पाठव. गोडाचं काही पाठवू नकोस.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
आजी